कारणापर्यंत जाणारे पोटविकार केंद्र : गीता भवन परिसर, इंदूर

इंदुरात पोटाची तक्रार काढली की पहिला ठपका सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीवर आणि सकाळच्या पोहे-जिलेबीवर बसतो. गीता भवन चौकाजवळच्या या खासगी केंद्रात तसे झाले नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू होय. माझ्या सासऱ्यांना जेवणानंतर पोट जड होणे, जळजळ आणि मळमळ हा त्रास दीर्घकाळ होता आणि आम्ल कमी करणारी गोळी रोजचीच झाली होती. डॉक्टरांनी आहाराची चौकशी करण्याआधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली आणि गुडघेदुखीसाठी चालू असलेल्या डायक्लोफेनॅकची पाकिटे बाजूला काढली. "काका, हे औषध गुडघ्याची सूज उतरवते, पण जठराच्या अस्तराचे संरक्षणही कमी करते," असे त्यांनी शांतपणे समजावले.

दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या खालच्या आणि मधल्या भागांतील नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत घेतले गेले. हा काटेकोरपणा मला विशेष वाटतो. कारण जुनाट जठरदाहाचे, म्हणजे जठराच्या अस्तराला दीर्घकाळ राहणाऱ्या सुजेचे, सर्वांत मोठे कारण असलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुधा खालच्या भागात ठाण मांडतो, तर प्रतिकारशक्ती आम्ल तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते तेव्हा मधला व वरचा भाग झिजतो आणि पुढे बी-१२ ची कमतरता होते. आमच्या अहवालात जंतू निघाला आणि १४ दिवसांचे औषध मिळाले.

प्रतीक्षागृहातील भित्तिपत्रकावर मात्र अजूनही 'तिखट, चहा आणि चिंता' एवढीच कारणे आहेत. या जंतूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले, पण ती बातमी या भिंतीपर्यंत आलेली दिसत नाही.

खरी तक्रार स्वागतकक्षाची आहे. जंतू गेला की नाही हे पाहणाऱ्या श्वासाच्या चाचणीपूर्वी आम्लाची गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविके किमान चार आठवडे बंद असावी लागतात; वेळ देताना हे कोणीही सांगितले नाही आणि आम्हाला चाचणी न करताच परतावे लागले. नमुन्यांच्या तपासणीचे शुल्कही आधी सांगितलेल्या रकमेत धरलेले नव्हते, तेव्हा ते अगोदरच लेखी मागून घ्यावे.