कलमांतलं गवत: जाळायचं, कापायचं की नुसती जाळरेषा मारायची?

आमचा मुंबईकर चुलतभाऊ गणपतीला कोकणात आला की दरवर्षी विचारतो, एवढं गवत वाढलंय कलमांत (आंबा-काजूच्या बागेत), जानेवारीत एक काडी लावून मोकळं का नाही करत? यंदा लिहूनच टाकतोय, कारण गावच्या जागेचं काहीतरी करायचं ठरवणारे त्याच्यासारखे बरेच झालेत.

आधी भाजावळ आणि हे गवत जाळणं यात गल्लत करू नका. भाजावळीत तरव्याची (भाताच्या रोपांची) जागा भाजताना शेण, कवळ (झाडांच्या छाटलेल्या फांद्या), पातेरा (गळलेली पानं), गवत असे थर लावून वर बारीक माती टाकतात आणि वारा ज्या टोकाकडे जातो तिथून पेटवतात, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकते, भडकत नाही, धुमसत राहते. तणाचं बी मरतं, रोपांना राख मिळते, तरवा उपटायला सोपा जातो. तोटा कवळाचा, ऐन-किंजळीच्या झाडांचे दरवर्षी नुसते खांब उरतात. त्याऐवजी चारसूत्री भातलागवडीतली भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळता येते, तिच्यातल्या सिलिकाने रोप कणखर होतं, पण तणावर भाजावळीइतका उपाय त्यात नाही हे कबूल.

आता कलमं. जाळणं स्वस्त, एका सकाळचं काम. पण गवतातलं नत्र धुरातून निघून जातं, मागे पालाश-चुन्याची राख राहते, आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ती चालते खरी, पण उतारावर पहिल्याच मोठ्या पावसात ती वहाळात जाते. आणि काजूचा पातेरा पेटला की आवरत नाही, शेजारच्या बांधावरनं आलेल्या आगीत आमची सात काजूची झाडं गेली, दोन बुडातून पुन्हा फुटली तेवढीच.

ग्रास कटरने कापणं महाग, पेट्रोल आणि माणूस दोन्ही लागतं (माणूस मिळाला तर). पाऊस संपल्यावर कापून आळ्यात पसरलं तर उन्हाळ्यात ओल टिकते. फक्त ते बुंध्याला टेकवू नका, वाळवी लागते, आणि सगळीकडे पसरून ठेवलंत तर मार्चमध्ये तेच पेट घेतं, म्हणजे कापलं म्हणजे सुटलो असं नाही.

मी करतो ते मधलं. कलमांत कापणी, आणि जागेच्या कडेने 4 मीटर रुंद जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा), तीही आधी कापून, गवत मधोमध ओढून मग जाळलेली. हे डिसेंबर-जानेवारीत, दव असताना, पहाटे. सकाळी मतलई (जमिनीकडचा) वारा मंद असतो, अकराच्या सुमारास खारा (समुद्राकडचा) वारा सुरू झाला की खेळ संपला, त्याआधी सगळं विझलेलं पाहिजे. उतारावर वरून खाली जाळत यायचं, खालून लावलीत तर आग तुमच्याआधी माथ्यावर पोचते. चार माणसं, पाण्याचे पिंप, ओल्या डहाळ्या, आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगणं. एकट्याने असाल तर नुसतं कापा, खरंच. जागेला वनखात्याची हद्द लागत असेल तर आधी त्यांना विचारा, राखीव वनात आग गेली तर 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा होतो.

राहिला सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. तिथे भाऊ काझीरंगाचं उदाहरण देतो, की वनखातं स्वतःच गवत जाळतं. बरोबर आहे, पण तिथे पुराच्या गाळात उंच गवत वाढतं, जाळलं नाही तर झाडोरा घुसतो आणि गेंड्या-हरणांचं कोवळं गवत जातं. आपल्या सड्यावर कातळ आणि वर बोटभर माती, तिथे कुठलं जंगल घुसणार? गुरांना कोवळा फुटवा मिळतो म्हणून लावतात, ते कळतं, पण मार्चपासून टिटवी तिथेच उघड्यावर अंडी घालते, सशांना लपायला तेच गवत. गुरांसाठी लागेल तेवढं दसऱ्यानंतर कापून आणा, बाकी सड्याला काडी लावू नका. भाऊ अजून ऐकत नाही ती गोष्ट वेगळी.