कोरल मशरूमसाठी घेतलेलं १० पट भिंग, दोन सीझन वापरून झालं

पाइन-स्प्रूससारख्या सुईसारखी पानं असलेल्या झाडांच्या जंगलात कोरल मशरूम, म्हणजे प्रवाळासारख्या फांद्या फुटलेली मशरूम, शोधायचा नाद असेल तर हे घडीचं छोटं भिंग घ्याच. मला पहिले काही दिवस काहीच नीट दिसेना, सगळं धूसर, वाटलं पैसे वाया गेले, पण चूक माझीच होती, मी भिंग मशरूमवर धरून वरून बघत होतो. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि मशरूम हळूहळू जवळ आणायचं, साधारण अडीच सेंटीमीटरवर आलं की एकदम लख्ख दिसतं.

खरी मजा टोकांमध्ये आहे. लांबून सगळी कोरल सारखीच वाटतात, पण क्लावुलिना कोरलॉइड्सची पांढरी टोकं भिंगातून बघा, बारीक दाते काढलेल्या कंगव्यासारखी चिरलेली असतात. आर्टोमायसेस पिक्सिडॅटसच्या प्रत्येक टोकावर तर इवलासा मुकुट असतो, फक्त ते सडक्या लाकडावर येतं आणि बहुतेक रुंद पानांच्या झाडांच्या, त्यामुळे पाइनखाली फार अपेक्षा ठेवू नका.

काही गोष्टींना मात्र बोटंच लागतात. पाइनच्या सडक्या खोडावर पिवळंधमक कोरलसारखं दिसतं ते कॅलोसेरा व्हिस्कोसा, वाकवलं तर रबरासारखं वाकतं, कट्कन तुटत नाही, ती जेलीवाली बुरशी, कोरल नव्हेच. आणि सुयांच्या पाचोळ्यात उगवलेलं पिवळट कोरल दाबल्यावर थोड्या वेळानं हिरवट पडलं तर ते फीओक्लावुलिना अबिएटिना असू शकतं, चवीला कडू.

आता महत्त्वाचं, भिंग आहे म्हणून रामारिया (कोरल मशरूमचाच एक मोठा गट) खायला घेऊ नका!! रामारिया फॉर्मोसा खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात, ताजं असताना गुलाबी फांद्या आणि पिवळी टोकं असतात पण जुनं झालं की रंग उडतो आणि मग इतरांपासून वेगळं काढणं अवघड. बऱ्याच रामारियांची नक्की ओळख मायक्रोस्कोपखाली स्पोअर (बुरशीचे सूक्ष्म बीजाणू) बघूनच पटते, १० पटीत स्पोअर दिसत नाहीत. मी फोटो काढतो, बुडाची माती न झटकता अख्खं मशरूम उचलतो आणि जाणकाराला दाखवतो.

तक्रारी दोनच. पावसाळी हवेत श्वासानं काच धुरकटते, दर मिनिटाला पुसा. आणि सोबतची काळी दोरी अगदीच फालतू, एकदा तुटली आणि भिंग सुयांमध्ये पडलं, अर्धा तास गुडघ्यावर बसून शोधत होतो, आता भडक केशरी दोरी लावलीय. लाइटवालं मॉडेल मिळालं तर तेच घ्या, दाट झाडांखाली दुपारीसुद्धा अंधार असतो.