बिबॅरल: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

भाच्याशी पोकेमॉन या कार्डांच्या खेळातील कार्डांची अदलाबदल करताना त्याने मला बिबॅरल या पोकेमॉनची दोन कार्डे वरकड म्हणून दिली होती, आणि मीही ती फारशी न पाहता डब्यात टाकली होती. जुळे सोलापुरातील आमच्या रविवारच्या गटात सोनेरी, चमकत्या कार्डांनाच मान असल्यामुळे पुढे आलेल्या दातांच्या या तपकिरी प्राण्याकडे कोणी वळून पाहत नसे. आज मात्र कोणताही नवा डेक, म्हणजे खेळण्यासाठी निवडलेला कार्डांचा गठ्ठा, बांधताना मी आधी त्याच्यासाठी जागा राखतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या ब्रिलियंट स्टार्स या संचातील हे कार्ड आहे. त्याचा हल्ला १०० नुकसानाचा असला तरी त्याला तीन एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला जोडायची कार्डे) लागतात आणि नाणे उडवल्यावर काटा पडला तर तो वाया जातो. मी तो एकदाही वापरलेला नाही. कार्डाचे खरे मोल त्याच्या क्षमतेत आहे: आपल्या पाळीत एकदा, हातात पाच पाने होईपर्यंत डेकमधून पाने उचलता येतात. सपोर्टर कार्ड (पाने उचलण्यासारखी मदत करणारे पात्राचे कार्ड) एका पाळीत एकच खेळता येते, पण ही क्षमता त्या मर्यादेत येत नाही, त्यामुळे पानांची सोय बिबॅरलवर सोपवून सपोर्टरची संधी दुसऱ्या कामासाठी मोकळी राहते. मात्र आधी हातातली खेळता येण्याजोगी पाने खेळून मगच उचल करावी, हे मला दोन महिन्यांनी उमगले. बेंचवर (लढणाऱ्या पोकेमॉनच्या मागच्या राखीव जागेत) दोन बिबॅरल असतील तर पहिल्याने उचललेली पाने खेळून दुसऱ्याने पुन्हा पाचपर्यंत पोहोचता येते.

त्याची किंमत मला पटली ती आयोनो या सपोर्टर कार्डामुळे. ते खेळल्यावर दोघांचेही हात डेकच्या तळाशी जातात आणि प्रत्येकाला आपल्या उरलेल्या प्राइझ कार्डांइतकीच पाने मिळतात (समोरचा पोकेमॉन बाद केला की प्राइझ उचलायचे, आणि सगळी उचलली की डाव जिंकतो). माझे एकच प्राइझ उरले असताना भाच्याने ते खेळले आणि माझ्या हातात एक पान राहिले. पाळी सुरू होताना उचललेले धरून दोन झाली, आणि बिबॅरलने आणखी तीन दिली. त्या तिनांत मला हवी असलेली एनर्जी निघाली आणि तो डाव मी जिंकला. एरवी सहज हातातून गेला असता असा तो डाव होता.

उणिवाही सांगायला हव्यात. बिबॅरल बिडूफ या पहिल्या रूपातील पोकेमॉनपासून उत्क्रांत होत असल्याने, म्हणजे आधी बिडूफ मांडून मग त्यावर ठेवावा लागत असल्याने, निदान एक पाळी थांबावे लागते, आणि त्या पाळीत बिडूफ बाद झाला तर सगळा बेत कोसळतो. क्राउन झेनिथ संचातला बिडूफ घेतल्यास ही काळजी बरीच कमी होते, कारण बेंचवर असेपर्यंत हल्ल्यांचे नुकसान त्याला होत नाही; रेडियंट ग्रेनिन्जा हा पोकेमॉन बेंचवरही ९० नुकसान करतो, तेव्हा हे संरक्षण फार मोलाचे ठरते. प्रतिस्पर्ध्याने बॉसेस ऑर्डर्स हे सपोर्टर खेळून बिबॅरलला बेंचवरून पुढे ओढले तर मागे घ्यायला दोन एनर्जी मोजाव्या लागतात, आणि ही अडचण मी अजूनही पूर्णपणे सोडवू शकलेलो नाही. तो बाद झाला तरी प्रतिस्पर्ध्याला एकच प्राइझ मिळते, एवढा दिलासा असतो.

कार्डांच्या टिकाऊपणाबद्दलही लिहितो. आम्ही उन्हाळ्यात दुपारभर पंख्याखाली सोलापुरी चादर अंथरून खेळतो, कारण फरशीवर पान उचलताना कडा घासतात. तरीही स्लीव्हशिवाय (प्लास्टिकच्या आवरणाशिवाय) वापरलेल्या माझ्या एका बिबॅरलचे कोपरे पांढरे पडले. दुसरे पहिल्या दिवसापासून स्लीव्हमध्ये असल्याने नव्यासारखे आहे.

एप्रिल २०२५ मध्ये एफ हे अक्षर छापलेली कार्डे स्टँडर्ड, म्हणजे फक्त अलीकडची कार्डे चालणाऱ्या, प्रकारातून बाहेर गेली आणि त्यांत बिबॅरलही गेला. त्यामुळे अधिकृत स्टँडर्ड स्पर्धेसाठी डेक बांधणाऱ्याने तो घेऊ नये. घरी किंवा जुनी कार्डेही चालणाऱ्या एक्स्पांडेड प्रकारात खेळणाऱ्याने मात्र दोन बिडूफ आणि दोन बिबॅरल अवश्य घ्यावेत. भाच्याने आता माझ्याकडे ती दोन कार्डे परत मागितली आहेत, आणि मी ती दिलेली नाहीत.