नाण्यांचे फोटो काढायला 45 अंशातली काच की दोन दिवे?

मॅक्रो लेन्स आली, कॅमेरा खाली तोंड करून स्टँडवर चढला, की बहुतेक जण इथंच येऊन अडकतात, लाईट कुठून टाकायचा. मी दोन्ही पद्धती भरपूर वापरल्यात आणि दोन्हीनं चांगले फोटो येतात. रिंग लाईट आणि तो पांढरा कापडी डबा हे दोन मी यात धरतच नाही. रिंग लाईटचं गोल कडं चांदीच्या नाण्यात जसंच्या तसं उमटतं, आणि डब्यात सगळीकडून सारखा उजेड येतो म्हणून नाण्याचा उठावच जातो, राजाचा गाल आणि मागचा सपाट भाग एकाच छटेचा दिसायला लागतो.

आधी काच. लेन्स आणि नाणं यांच्यामधे साधी काच 45 अंशात तिरकी धरायची, बाजूनं दिवा मारायचा, काचेवरून उजेड सरळ खाली नाण्यावर जातो आणि नाण्यावरून परत वर काचेतून लेन्समधे. म्हणजे उजेड अगदी लेन्सच्या दिशेनंच आल्यासारखा. दिवा थेट नाण्यावर पडू नये म्हणून मधे एक पुठ्ठा, आणि दिव्याच्या समोरच्या बाजूला काळं कापड लावायचंच, नाहीतर तिकडची पांढरी भिंत काचेच्या वरच्या बाजूवरून लेन्समधे शिरते आणि सगळा फोटो धुरकट. हे जमलं की जो रंग दिसतो त्याला तोड नाही, हे मी मनापासून सांगतो. 1881 ची पोर्तुगालच्या लुईश राजाची रुपिया (पोर्तुगीज गोव्याचा चांदीचा रुपया) घ्या, 11.66 ग्रॅमची, ब्रिटिशांच्या रुपयाच्या वजनाचीच, कारण 1878 च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचं चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनाशी जुळवून घेतलं होतं. जुन्या लाकडी पेटीत राहून अशा रुपियेवर कडेला निळसर आणि आत सोनेरी टोनिंग, म्हणजे काळानं येणारी रंगाची झाक, चढलेलं असतं, ते काचेखाली एकदम उघडं होतं. दोन दिव्यांत तेच टोनिंग बऱ्याचदा नुसतं करडं येतं.

मग काचच घ्या असं का नाही म्हणत, तर पंख्यामुळे. साधी काच 45 अंशात धरली की दिव्याच्या उजेडाचा जेमतेम दहावा भाग खाली पाठवते, बाकीचा आरपार निघून जातो. म्हणजे लेन्सचं छिद्र एफ 8 वर ठेवून दोन दिव्यांत मला साधारण 1/60 सेकंदाचं शटर मिळतं तिथं काचेला 1/6 च्या आसपास यावं लागतं, कधी त्याहून सावकाश. आणि 1/6 ला छताचा पंखा चालू असला की फोटो हललाच. वाऱ्यानं दिव्याची वाकणारी मान डुलते, स्टँडचा दांडा अगदी बारीक थरथरतो, तुम्हाला डोळ्यानं काही दिसत नाही पण 100 टक्के झूम केलं की सनावळीचे आकडे दुहेरी. मग पंखा बंद करायचा. आता एप्रिल-मे मधे गोव्यात दारं-खिडक्या लावून (कारण बाहेरचा उजेडही नको), पंखा बंद करून, चालू दिव्यांखाली वाकून बसायचं म्हणजे काय ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. घाम सरळ टपकतो, आणि नाण्यावर घामाचा थेंब पडणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, त्यात मीठ असतं, तांब्यावर डाग राहू शकतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवा असं कोणी म्हणेल, वाढवता येतो, पण मग नाण्याच्या सपाट भागावर ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, येतं आणि बघणाऱ्याला ते नाण्याचंच खडबडीतपण वाटतं, विकायला काढलं असेल तर उगाच भावात मार. पावसाळ्यात आणखी एक, दमट हवेत काचेवर धुरकट थर धरतो, दर थोड्या वेळानं पुसा, पुसलं की कोन हलतो, परत सगळं जुळवा.

मला एका बैठकीत बरीच नाणी उरकायची असतात, दोन्ही बाजू धरून, त्यामुळे माझा कल हळूहळू दोन दिव्यांकडे गेला. घड्याळाच्या 10 आणि 2 वर दोन सारखे एलईडी, जमेल तेवढे उंच, लेन्सच्या जवळ. इतके उंच की खालचा उजेड नाण्यावर जवळजवळ उभाच पडतो. यासाठी 90 ते 105 मिमीची मॅक्रो बरी, लेन्स आणि नाणं यांच्यात हात जाईल एवढी जागा राहते, 50-60 वाल्या लेन्सची सावलीच आडवी येते. पंखा एकवर ठेवला तरी चालतो. आणि मुख्य म्हणजे न वापरलेल्या नाण्याचा लस्टर, म्हणजे टाकसाळीतली मूळ झळाळी, 1958-59 चे पोर्तुगीज गोव्यातले इशकुद आणि सेंताव्ह अजून चकचकीत मिळतात बघा, त्यावर फिरणारे ते उजेडाचे पट्टे दोन दिव्यांतच पकडता येतात, नाणं थोडं थोडं फिरवत राहायचं आणि पट्टा चेहऱ्यावर आला की क्लिक. काचेखाली तेच नाणं स्वच्छ येतं पण जिवंत वाटत नाही, निदान मला तरी.

झिजलेल्या तांब्याचं तर विचारूच नका. शिवराई (मराठा राजवटीतलं तांब्याचं नाणं) आणि गोव्यातले जुने पाव टांगे यांना काचेचा सरळ उजेड फार उपयोगाचा नाही, अक्षरं आधीच बसलेली, त्यात सावली नाही म्हटल्यावर ‘श्री राजा शिव’ मधलं काय वाचणार. इथं मी 2 वरचा दिवा बंदच करतो आणि 10 वरचा पार खाली आणतो, नाण्याला जवळपास आडवा. ‘छत्रपति’ मधला उरलासुरला उठाव सावलीनं उभा राहतो. खड्डे आणि ओरखडेही तितकेच दिसतात, पण खरेदी करणाऱ्याला ते दिसायलाच हवेत. काचेची मांडणी असती तर यासाठी सगळं उतरवावं लागलं असतं, इथं फक्त एक मान वाकवायची.

प्लास्टिकच्या होल्डरमधलं नाणं काढता येत नसेल तरी दोन दिवेच. काचेतून येणारा सरळ उजेड होल्डरच्या वरच्या प्लास्टिकवरूनही सरळच परत येतो आणि नाण्यावर दुधाळ पडदा बसतो. दोन दिव्यांत होल्डर एका बाजूनं किंचित उचलला की चमक सरकते.

ज्यांच्या खोलीत एसी आहे, किंवा ज्यांच्याकडे थोडीच पण टोनिंगवाली चांदी आहे, 1912 ची पोर्तुगीज रिपब्लिकची रुपिया वगैरे, त्यांनी काच जरूर लावावी, मीही तशा नाण्यापुरती अजून लावतो, बहुतेक डिसेंबर-जानेवारीतच. फ्रेमवाल्याकडून 2 मिमीची काच कापून घ्या, जाड नको, जाड तिरक्या काचेतून कडा मऊ येतात. दिवे मात्र कुठल्याही पद्धतीला चांगलेच लागतात, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 100 पैकी) 95 च्या पुढचे आणि दोन घेतलेत तर दोन्ही एकाच मॉडेलचे, एक पिवळट आणि एक निळसर झाला तर चांदीचे दोन अर्धे वेगळे दिसतात आणि व्हाईट बॅलन्सनं (कॅमेऱ्याची रंग जुळवायची सोय) ते सुटत नाही. खोलीतली ट्यूब बंद, ग्रे कार्डवर (रंग जुळवायचा करडा पुठ्ठा) एकदा बॅलन्स धरला की मग नाण्यामागून नाणं चालू दे.