चाळीस रुपयांचा सेल आणि मामाजींचं बटण: नऊ महिन्यांनंतर

आमच्या घरचा कॉम्प्युटर अमरावतीहून जुनाच आणलेला, असेम्बल केलेला. संत्र्याच्या बागेचा हिशेब, मुलीचा अभ्यास आणि शेजारपाजारच्या पोरांचे फॉर्म, एवढीच त्याची कामं. मागच्या पावसाळ्यात त्याचं घड्याळ बिघडलं. कॉम्प्युटर बंद असताना हे घड्याळ आतल्या एका छोट्या सेलवर चालतं. पोळ्याच्या आठवड्यात मी तो सेल दुसऱ्यांदा बदलला, आता मे संपत आला. नऊ महिने वापरून झाल्यावर लिहितेय, कारण पहिल्या सेलच्या वेळी दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यांना ‘झालं बाप्पा ठीक’ म्हणून सांगितलं होतं आणि सात आठवड्यांत तोंडघशी पडले होते.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. रात्री अकराला कॉम्प्युटर बंद केला, सकाळी सहाला चालू केला, तर घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं. चालू असताना मात्र काटा बरोबर चालायचा. म्हणजे घड्याळ मागे पडत नव्हतं, रात्रभर झोपत होतं. मी चार दिवस वहीत लिहून पाहिलं. जेवढे तास भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद, जवळपास तेवढेच तास घड्याळ मागे. पुढे एक दिवस काळ्या स्क्रीनवर ‘सीमॉस चेकसम एरर’, म्हणजे आत जपलेल्या सेटिंगमध्ये गडबड, असं आलं, एफ-वन दाबायला सांगितलं, आणि तारीख थेट १ जानेवारी २०१३.

त्या तारखेने फजिती केली. संत्र्याच्या अंबिया बहाराचा सौदा ठरला, इसारपावती मी घाईत छापली आणि तारीख आपोआप पडली. व्यापाऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून पावती वाचली आणि म्हणाला, “वहिनी, मंग भावही तेरा सालचाच देतो.” ओसरीवरचे सगळे हसले. मीही हसले, पण पावती फाडून दुसरी हाताने लिहून दिली.

बँकेच्या आणि फॉर्मच्या साइटही उघडेनात. नेट चालू होतं, तरी ब्राउझर म्हणे तुमचं घड्याळ मागे आहे. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. कॉम्प्युटर २०१३ मध्ये बसला असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच व्हायचं असतं.

तालुक्याच्या एका दुकानदाराने मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटीच गेली म्हणून सांगितलं. मला ते पटलं नाही, माझा संशय सेलवर. आतला सेल गोल, रुपयाच्या नाण्यासारखा. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं: २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडून वीस रुपयांचा सुटा सेल आणला, डबीत दहा-बारा सेल एकमेकांवर घासत पडले होते त्यातला. तो पोळ्यापर्यंतही टिकला नाही.

मी सगळा दोष मामाजींवर, म्हणजे माझ्या सासऱ्यांवर टाकला. कॉम्प्युटर नुसता बंद केला आणि बोर्डाचं बटण चालू ठेवलं, तर मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालतं, सेलला हात लागत नाही. आमच्याकडे मामाजी जेवण झालं की घरभर फिरून एकेक बटण खाली करतात. सांगून पाहिलं, तर म्हणाले, “बटन चालू ठेवलं त मीटर फिरते ना, सूनबाई. तुह्या घड्यायले झोप नाई लागत काय?” वर दिवसा लाईन जाते ती वेगळीच. म्हणजे वीस-वीस तास सगळा भार सेलवर.

दुसरा सेल मी कार्डावर सीलबंद असलेला घेतला, चाळीस रुपयांचा. या वेळी मोटार रिवायंडिंगवाल्याकडून व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर मागून आणला. नवा सेल ३.२ व्होल्ट, काढलेला सुटा सेल २.३. सेल बदलणं सोपं आहे: वायर भिंतीतून काढायची, पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, कडेची पट्टी नखाने बाजूला केली की सेल उडी मारून वर येतो. अधिकची बाजू वर ठेवायची. माझा जीव खालीवर झाला तो नंतर. विंडोज सुरूच होईना, निळी स्क्रीन. सेल काढल्यावर बायोसची, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या आतल्या प्रोग्रामची, सगळी सेटिंग मूळ पदावर गेली आणि हार्ड डिस्कची सेटिंग एएचसीआयवरून आयडीईवर (डिस्कशी बोलायच्या या दोन पद्धती) आली होती. ती परत बदलली तेव्हा चालू झाला. सेल काढण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एवढं कराच.

आणि घरात लहान मूल असेल तर जुना सेल टेबलावर ठेवू नका. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. माझ्या जावेचं पोरगं हाताला लागेल ते तोंडात घालतं, म्हणून मी दोन्ही सेल चिकटपट्टीत गुंडाळून माळ्यावरच्या डब्यात टाकले.

आता नऊ महिन्यांचं. मामाजींची सवय काही सुटली नाही, बटण रोज रात्री बंदच. तरी घड्याळ एकदाही झोपलं नाही. परवा मोजला तर ३.० व्होल्ट. मग मी बसून हिशेब केला. या सेलमध्ये साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास वीज असते आणि घड्याळ खातं ते काही मायक्रोॲम्पिअर, म्हणजे मिलिॲम्पिअरचे हजारावे भाग. पाच धरले तरी चव्वेचाळीस हजार तास, म्हणजे पाच वर्षं, तीही बटण कायम बंद ठेवून. आमच्या उन्हात थोडं कमी धरा. सात आठवड्यांत चांगला सेल संपूच शकत नाही. तो डबीतला सेल आणला तेव्हाच अर्धमेला होता, आणि मी बोलून बसले मामाजींना. मात्र मल्टिमीटरच्या तीन व्होल्टवर फार विसंबू नका, हे सेल शेवटपर्यंत तीनच दाखवतात आणि मग एकदम खाली येतात.

एक उणीव राहिली. एप्रिल-मे मध्ये घड्याळ किंचित मागे पडायला लागलं, दिवसाला सेकंदभर. घड्याळाला ठेका देणारा आतला क्रिस्टल, म्हणजे स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, पण तो २५ अंशांच्या आसपासच नेमका चालतो, त्याहून गरम किंवा गार झालं की रेंगाळतो. टिनाखालच्या खोलीत ४५ अंशांना माणूसही रेंगाळतो, त्याला काय बोलायचं. नेटवरून वेळ जुळवली की भागतं. विंडोज जिथून वेळ घेतं तो ठरलेला सर्व्हर बदलून मी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा घातलाय, टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी; भारताची प्रमाणवेळ तीच प्रयोगशाळा सांभाळते. आमच्याकडे नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, त्यामुळे आपोआप जुळेल याचा भरवसा नाही. आठवड्यातून एकदा हॉटस्पॉट लावून ‘सिंक नाऊ’ दाबते.

घड्याळ बरोबर साडेपाच तासांनीच चुकत असेल तर सेलला हात लावू नका. माझ्या भावाच्या लॅपटॉपवर विंडोज आणि विंडोजसारखीच दुसरी प्रणाली लिनक्स, दोन्ही आहेत. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं. त्याने दोन सेल फुकट बदलले.

मामाजींना मी पाच वर्षांचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, “मंग त बंद करू ना?” म्हटलं, करा. परवा अवकाळीत विजा कडाडायला लागल्या तेव्हा तर मीच धावत जाऊन वायरच भिंतीतून ओढली.