पट्टराणी की वारसाची आई?

चीनच्या छिंग राजघराण्यातला सम्राट श्येनफंग, त्याच्या बायकांपैकी या दोघी. त्सआन १८५२ मध्ये सम्राज्ञी झाली. त्सशी त्याच वर्षी आली ती खालच्या दर्जाची उपपत्नी म्हणून. मान, मखर, जनानखान्याचा कारभार सगळं त्सआनकडे. पण तिला मूल नाही, आणि त्सशीला १८५६ मध्ये मुलगा झाला. लगेच तिचा दर्जा वाढला.

तरी गंमत बघा, रीतीप्रमाणे त्या पोराची पहिली आई त्सआनच! सम्राटाची सगळी मुलं सम्राज्ञीची मानली जात. १८६१ मध्ये श्येनफंग वारला, तेव्हा राजमातेचा किताबही आधी त्सआनला मिळाला, मग त्सशीला.

पुढे त्या लहान पोराच्या नावाने दोघी पडद्याआड बसून कारभार पाहू लागल्या. आदेशावर दोघींचेही शिक्के लागत. कागदोपत्री थोरली त्सआन. पण ती राजकारणात फारशी पडत नसे, आणि त्सशीला तर त्याचीच गोडी. त्सआन १८८१ मध्ये गेली. त्सशी १९०८ पर्यंत होती.

मला विचाराल तर निवांत आयुष्य पट्टराणीचं, सत्ता मात्र पाळण्याच्या दोरीला बांधलेली. अर्थात, यातलं काहीही त्या बायकांनी स्वतः निवडलेलं नव्हतं. राण्या-उपपत्नींच्या आठ पायऱ्यांच्या उतरंडीत कोण कुठे बसणार, ते सम्राट ठरवत असे.