टॅग की डिस्टन्स?

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर कारखान्यात जुनं रिप (RIP), होटगी रोडच्या ऑफिसात ओएसपीएफ (OSPF; दोन्ही राउटरना वाटा कळवणारे प्रोटोकॉल) आणि मधले दोन्ही राउटर दोन्ही दिशांना रीडिस्ट्रिब्यूशन करतात, म्हणजे एका प्रोटोकॉलचे रूट दुसऱ्यात देतात. कारखान्याचा रूट ओएसपीएफमधून फिरून दुसऱ्या राउटरवर येतो. ओएसपीएफच्या ११० डिस्टन्समुळे (रूटवरच्या भरवशाचा आकडा, कमी तो जिंकतो) रिपचा १२० मागे पडतो आणि वाट लांबची होते. ट्रेसराउटमध्ये (पॅकेटची वाट दाखवणाऱ्या कमांडमध्ये) तेच हॉप, म्हणजे वाटेतले राउटर, आलटूनपालटून दिसले, म्हणजे लूप झाला, तर आधी हेच तपासा.

एक्स्टर्नल (बाहेरून ओएसपीएफमध्ये आलेल्या) रूटचं डिस्टन्स १३० केलं की वाट लगेच सरळ होते. पण कारखान्यातलं नेटवर्क पडलं, तर शिळा रूट परत रिपमध्ये शिरू शकतो.

टॅग, म्हणजे रूटला लावलेली खूण, तो शिरकाव रोखतो, रूटचा उगमही दाखवतो. रूट-मॅपची (टॅग लावायच्या-गाळायच्या नियमांची) कटकट आहे खरी, लांबची वाटही तशीच राहते. तरी लूपपेक्षा ती परवडली! अर्थात, रिपची आवृत्ती १ टॅग नेतच नाही.